वहीतले खोडलेले नंबर

“आलं का, बाई?”

“आलं… आलं… थांब, गेलं!”

एप्रिलचा पहिला आठवडा. नागपूरजवळच्या खापरीच्या गावठाणातल्या एका घराच्या स्लॅबवर सकाळी नऊलाच पाय ठेववत नाही इतकं ऊन उतरलं आहे. स्लॅबवरून एका बाजूला मेट्रोचं खापरी स्थानक दिसतं, दुसऱ्या बाजूला मिहानमधल्या आयटी कंपन्यांच्या काचेच्या इमारती. पाण्याच्या टाकीच्या आडोशाला एक छोटी डिश आहे आणि तिच्यापाशी उकिडवा बसलेला, हातात दहा नंबरचा पाना घेतलेला डिशवाला. खाली, खिडकीचा गज एका हाताने धरून टीव्हीकडे पाहत उभ्या आहेत जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. वय शहात्तर. वर बसलेला, चाळिशीकडे झुकलेला हा माणूस कधीकाळी त्यांच्याच चौथीच्या वर्गात पाढे म्हणत असे.

“आलं का?” ही हाक मराठी घरांना डिशच्या आधीपासून ठाऊक आहे. ऐंशीच्या दशकात सेमिनरी हिल्सवरच्या टीव्ही टॉवरच्या दिशेने ॲल्युमिनियमच्या काड्यांचा अँटेना फिरवताना घरातला एकजण कौलांवर असायचा, एकजण दारात आणि एकजण टीव्हीसमोर. तिघांच्या साखळीतून निरोप वर जायचा. शिवणगाव, खापरी, चिंचभुवन या विमानतळाजवळच्या गावांना आणखी एक अडचण होती. सोनेगावच्या धावपट्टीवर विमान उतरू लागलं की पडद्यावरचं चित्र थरथरायचं. टॉवरकडून थेट येणारी लहर आणि विमानाच्या पत्र्यावर आपटून येणारी लहर एकमेकींत मिसळायची, त्याचा तो परिणाम. विमान गेलं की चित्र आपोआप ठीक व्हायचं. त्यासाठी कुणाला बोलवावं लागत नसे.

आता बोलवावं लागतं. मार्चअखेरच्या अवकाळी वाऱ्याने बाईंची डिश बोटभर हलली होती आणि १ एप्रिलला वाहिन्यांच्या जागाही बदलल्या होत्या. दोन्ही एकाच वेळी झालं, त्यामुळे नेमकं बिघडलंय कुठे हे घरात कुणालाच कळेना. शेजारच्या मुलाने रिमोटवर काहीतरी दाबून पाहिलं आणि होत्या तेवढ्या वाहिन्याही गेल्या. पडद्यावर उरले दोन शब्द: ‘नो सिग्नल’.

“क्वालिटी किती दाखवून राहिलं, बाई?”

“सदुसष्ट.”

“राहू द्या. नट कसतो आता.”

बाईंकडे डीडी फ्री डिश आहे. डिसेंबर २००४ मध्ये ‘डीडी डायरेक्ट प्लस’ या नावाने ३३ वाहिन्यांनिशी सुरू झालेली ही प्रसार भारतीची सेवा. डिश आणि बॉक्स एकदा विकत घेतला की महिन्याचं काही भरावं लागत नाही. तिच्या वाहिन्या आज जीसॅट-१५ या उपग्रहावरून येतात. विषुववृत्तावर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर तो आहे. नागपूरहून पाहिलं तर तो आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण साठ अंश वर येतो. शेजारच्या घरावरची पैसे भरून घेतलेली डिश मात्र जवळपास सरळ दक्षिणेकडे बघते, कारण तिचा उपग्रह ८३ अंशांवर आहे. गावठाणातल्या स्लॅबांवर नजर फिरवली की डिश कुठे वळली आहे यावरून कुणाच्या घरात काय लागतं हे डिशवाला खालूनच सांगतो.

हात धुऊन तो खाली आला, माठातलं पाणी प्यायला आणि जमिनीवर मांडी घालून त्याने रिमोट हातात घेतला. वाद तिथून सुरू झाला.

“बाई, तुम्ही दरवर्षी रागावता. पण जुन्या अँटेन्यात काय दिसत होतं सांगा बरं? एक नाहीतर दोन चॅनेल, तेही मुंग्या आल्यावानी. आता शंभराच्या वर आहेत. महिन्याला एक रुपया लागत नाही. आणि तुम्ही म्हणता जुनं बरं होतं!”

“जुनं बरं होतं असं मी म्हटलंच नाही,” बाई म्हणाल्या. “जुनं मला चालवता येत होतं, असं म्हटलं. दोन्हीत फरक आहे. तेव्हा टीव्ही बिघडला तर मी अँटेना हलवत होते, मागचं बटण फिरवत होते. जमलं नाही तर निदान काय करून पाहायचं ते माहीत होतं. आता एक रिमोट टीव्हीचा, एक बॉक्सचा. टीव्हीवरचं चुकून ‘सोर्स’ दाबलं गेलं की सगळं काळं. आणि मला पाढे येतात रे, पण हा मेनू येत नाही.”

त्यांनी कपाटातून एक शंभर पानी वही काढली. तिच्यात रेघा आखून वाहिन्यांची नावं लिहिली आहेत आणि नावांपुढे नंबर. प्रत्येक नंबरावर काट मारलेली, त्याच्यापुढे नवा नंबर, त्याच्यावरही काट. सह्याद्रीपुढे पाच नंबर खोडलेले आहेत. एका वाहिनीचं नावच खोडून दुसरं लिहिलं आहे, कारण ई टीव्ही मराठीचं २०१५ मध्ये कलर्स मराठी झालं. वहीचं पहिलं पान २०१३ सालचं आहे.

ते साल नागपूरकरांच्या लक्षात आहे. केबल टीव्हीच्या कायद्यात २०११ च्या अखेरीस दुरुस्ती झाली आणि साधी, म्हणजे ॲनालॉग केबल टप्प्याटप्प्याने बंद करून प्रत्येक टीव्हीला सेट टॉप बॉक्स लावणं सक्तीचं झालं. पहिला टप्पा चार महानगरांचा. त्याची तारीख ३० जून २०१२ होती, ती ३१ ऑक्टोबरवर गेली. दुसऱ्या टप्प्यात दहा लाखांवर लोकसंख्येची ३८ शहरं होती, त्यांत नागपूर होतं आणि तारीख होती ३१ मार्च २०१३. उरलेल्या नागरी भागाला डिसेंबर २०१५ पर्यंत मुदत मिळाली. गावांची मुदत आधी डिसेंबर २०१६ आणि मग ३१ मार्च २०१७ अशी सरकली.

बाईंची धाकटी बहीण प्रतापनगरात राहते. तिच्याकडे २०१३ च्या मार्चमध्ये बॉक्स लागला. खापरी महापालिकेच्या हद्दीबाहेर, त्यामुळे इकडे तीच जुनी तार आणखी चार वर्षं चालली. दोन्ही घरांत अंतर किती, तर वर्धा रोडने अर्ध्या तासाचं.

“त्या चार वर्षांत काय झालं ते तुला सांगते,” बाई म्हणाल्या. “आधी फोनवर मी तिला म्हणायची, सतरावर लाव, चांगली मुलाखत चालू आहे. ती लावायची. तिला बॉक्स लागला आणि सतरा नंबर तिच्याकडे उरलाच नाही. मग इकडेही बॉक्स आले, कुणाकडे ही डिश, कुणाकडे ती डिश, कुणाकडे केबलचा बॉक्स. आता आमच्या या एका गल्लीत सात घरांत एकाच चॅनेलचे चार नंबर आहेत. पूर्वी समोरच्या काकू ओट्यावरूनच ओरडून सांगायच्या, अमक्यावर लावा. तसं सांगण्यासारखं आता काही राहिलं नाही.”

डिशवाल्याच्या हे कधी लक्षात आलं नव्हतं. तो क्षणभर थांबला. पण त्याच्याकडेही उत्तर होतं, आणि ते व्यवसायातलं होतं.

“ते झालं, बाई. पण साध्या केबलात काय चालत होतं ते तुम्हाला बाहेरून नाही दिसलं. मी तेव्हा केबलच्या पोलवर चढत होतो. गल्लीत दोनशे जोडण्या असल्या तरी वर किती दाखवायच्या हे मधल्यांच्या हातात. चॅनेलवाल्याला पत्ता नाही, सरकारला पत्ता नाही. तारेत चॅनेल मावायचे मोजके, त्यात शेवटचे दहा पाहण्यालायक नाहीत. एका घरातली तार फोडून तीन घरांत नेली की तिघांचंही चित्र खराब. बॉक्स आला तसा प्रत्येक घराचा हिशेब लागला.”

हे खरं आहे, आणि डिजिटलच्या बाजूचा हा सर्वांत भक्कम मुद्दा आहे. ॲनालॉग केबलमध्ये एका वाहिनीला सात-आठ मेगाहर्ट्झची रुंदी लागते. तेवढ्याच जागेत डिजिटल पद्धतीने अनेक वाहिन्या दाबून बसवता येतात. दुसरं, ॲनालॉग तारेत कोण पाहतं आणि काय पाहतं हे मोजायचं साधनच नव्हतं. बॉक्सला क्रमांक असतो, तो केंद्रातून चालू-बंद करता येतो, म्हणून ग्राहकांची संख्या लपवणं अवघड झालं. यातूनच पुढे ‘ट्राय’ या नियामक संस्थेला ग्राहकाने निवडलेल्या वाहिन्यांपुरतेच पैसे घेण्याचा नियम करता आला. तो १ फेब्रुवारी २०१९ पासून लागू होऊ लागला. तेव्हा शंभर वाहिन्यांसाठी जास्तीत जास्त १३० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे, आणि पैसे लागणाऱ्या वाहिन्यांचे दर त्याउपर. निवड करायला लोकांना वेळ पुरेना, म्हणून ३१ मार्च २०१९ पर्यंत मुदत वाढवावी लागली.

“तू म्हणतोस ते पटतं,” बाई म्हणाल्या. “मोजमाप हवंच. पण माझ्या बहिणीने त्या दोन महिन्यांत काय केलं माहीत आहे? ती कागद घेऊन बसली, प्रत्येक चॅनेलचा दर लिहिला, बेरीज केली, मग पॅक घेतला तर किती आणि सुटे घेतले तर किती अशी दोन उत्तरं काढली. ती बँकेतून निवृत्त झाली आहे, तिला जमलं. तिच्या इमारतीतल्या इतरांनी काय केलं? जो पॅक दिला तो घेतला. निवडायचा हक्क मिळाला, पण निवडायचं कसं हे कोण समजावणार होतं?”

“तुमचं तसं नाही ना. तुमचं फुकट आहे.”

“फुकट आहे? आज तू किती घेणार?”

तो हसला नाही. “दीडशे. पण तुमच्याकडून…”

“घेशील. घ्यायलाच पाहिजेत, तू उन्हात चढलास. मागच्या एप्रिलला दीडशे, त्याच्या आधी एकदा बॉक्स बदलला तेव्हा त्याचे वेगळे. मी हिशेब लिहून ठेवलाय. पेन्शन आहे म्हणून मला चालतं. पण मिहानच्या पुनर्वसन वसाहतीतल्या बायका, दुसऱ्यांच्या घरी कामाला जाणाऱ्या, त्यांचं काय?”

एप्रिल का, हे समजायला लिलाव समजून घ्यावा लागतो. फ्री डिशवर खासगी वाहिन्यांना जागा मिळते ती प्रसार भारतीच्या ई-लिलावातून. आर्थिक वर्षासाठी बोली लागते, म्हणून १ एप्रिलच्या आसपास काही वाहिन्या जातात, काही येतात, काहींची जागा बदलते. घरातल्या बॉक्सच्या स्मृतीत एक यादी साठवलेली असते: अमुक वाहिनी अमुक वारंवारतेवर, तिच्या प्रवाहात अमुक ठिकाणी. वर उपग्रहावर मांडणी बदलली तरी खालची यादी जुनीच राहते. मग ओळखीच्या नंबरावर अनोळखी वाहिनी लागते किंवा काळोख दिसतो. उपाय एकच, बॉक्सला पुन्हा सगळ्या वारंवारता धुंडाळायला लावायच्या. यालाच डिशवाले ‘स्कॅन मारणं’ म्हणतात. त्यातही काही वाहिन्या एमपीईजी-४ प्रकारच्या प्रवाहात असतात, आणि जुन्या एमपीईजी-२ बॉक्सवर कितीही स्कॅन मारला तरी त्या उघडत नाहीत. बॉक्सच बदलावा लागतो.

मार्च २०१९ मध्ये तर झी अनमोल, स्टार उत्सव, सोनी पल आणि रिश्ते या चारही लोकप्रिय हिंदी वाहिन्या एकदम फ्री डिशवरून गेल्या. जून २०२० मध्ये परत आल्या. एप्रिल २०२२ मध्ये पुन्हा गेल्या. प्रत्येक वेळी कारण व्यावसायिक होतं, आणि प्रत्येक वेळी कोट्यवधी घरांतल्या लोकांना वाटलं की आपलाच बॉक्स बिघडला.

“लोक मलेच शिव्या देत होते,” डिशवाला म्हणाला. आठवणीने त्याची बोली आणखी गावाकडची झाली. “काऊन गेलं, तूच काहीतरी केलं असशील. आता त्यांना काय सांगू, मुंबई-दिल्लीत ठरलं म्हणून? मी दिवसाला वीस-वीस घरं फिरलो. नुसतं हे सांगायला, की तुमचा बॉक्स चांगला आहे, चॅनेलच गेलं. त्याचे पैसे कोण देते? कोणीच नाही.”

बाईंनी वहीतलं ते पान उघडून दाखवलं. मार्च २०१९ च्या नोंदीपुढे त्यांनीही लिहून ठेवलं होतं: ‘बॉक्स बिघडला?’ प्रश्नचिन्हासकट.

डिशवाल्याचा खरा विश्वास वेगळ्याच गोष्टीवर आहे, आणि तो बोलून दाखवताना त्याचा आवाज बदलतो. उपग्रह भेद करत नाही. टॉवरची लहर डोंगराआड अडते, तिला अंतराची मर्यादा असते. मेळघाटच्या दरीत किंवा गडचिरोलीच्या जंगलातल्या पाड्यावर टॉवरचं चित्र पोचवायचं तर तिथवर प्रक्षेपकांची रांग उभी करावी लागली असती. आकाश मोकळं असेल तिथे डिश मात्र लागते, आणि धारावीत दिसतं तेच धारणीत दिसतं.

“लॉकडाउन आठवा, बाई. जुलै २०२० मध्ये सह्याद्रीवर ‘टिलीमिली’ सुरू झालं, पहिली ते आठवीच्या पोरांसाठी. ज्यांच्या घरी मोबाइल नव्हता त्यांच्या घरी डिश होती. माझ्या साळ्याच्या गावात एका घरासमोर दहा पोरं बसत होती. साध्या अँटेन्यावर हे पोचलं असतं का?”

बाईंना ‘टिलीमिली’ चांगलं आठवतं. एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनची ती मालिका त्यांनी स्वतः वही घेऊन पाहिली होती, कारण समोरच्या घरातली दोन मुलं त्यांच्याकडे येऊन बसायची. “ते फार चांगलं काम झालं,” त्या म्हणाल्या. “त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण त्याच जुलैतली दुसरी गोष्टही सांगते. पाऊस जोरात आला की धडा मधेच गोठायचा. शिक्षकाचं तोंड उघडं, आवाज बंद. जुन्या टीव्हीवर पावसात चित्र खराब व्हायचं, पण आवाज यायचा. मुलं ऐकून तरी घ्यायची. याच्यात अर्धं असं काही नाहीच.”

हाही मुद्दा भौतिकशास्त्राचा आहे. फ्री डिशच्या लहरी ११ गिगाहर्ट्झच्या घरातल्या, लांबी जेमतेम पावणेतीन सेंटिमीटर. जोराच्या पावसाचे थेंब त्या शोषतात आणि विखुरतात. ॲनालॉग चित्र लहर कमी होईल तसं हळूहळू विटतं. डिजिटल मात्र एका मर्यादेपर्यंत अगदी स्वच्छ दिसतं आणि ती ओलांडली की चौकोन पडतात, मग सगळंच थांबतं. डिश काटेकोर जुळवलेली असेल तर पावसात थोडा जास्त काळ तग धरते. म्हणूनच डिशवाले क्वालिटीचा आकडा पाहिल्याशिवाय खाली उतरत नाहीत.

“मग तिसरा रस्ता होता ना,” बाई म्हणाल्या. “टॉवर ठेवायचा, पण तोच डिजिटल करायचा. पेपरात आलं होतं, कात्रण आहे माझ्याकडे.”

होता. दूरदर्शनने २०१६ मध्ये डीव्हीबी-टी२ या पद्धतीने जमिनीवरच्या टॉवरवरून डिजिटल प्रक्षेपण १६ शहरांत सुरू केलं. महाराष्ट्रातली त्यांत मुंबई आणि औरंगाबाद होती. विदर्भाच्या शेजारची रायपूर, इंदूर, भोपाळ होती. नागपूर नव्हतं. दुसरीकडे जुने ॲनालॉग प्रक्षेपक बंद होत गेले. सीमेवरची आणि मोक्याची सुमारे ५० ठिकाणं वगळून बाकीचे ३१ मार्च २०२२ पर्यंत बंद करायचं प्रसार भारतीने जाहीर केलं होतं. म्हणजे ज्या घरात बिनखर्चाचा टीव्ही हवा, त्या घरासमोर छतावर डिश लावण्यापलीकडे पर्याय राहिला नाही.

“पाहणारे तरी किती उरले होते, बाई? टॉवरचं वीजबिल, माणसं, सुटे भाग. पंचवीस वर्षांत मी कुणाच्या घरावर नवीन अँटेना चढवला नाही.”

“नसशील. पण बंद करताना कुणी घरोघरी विचारलं का, तुमच्याकडे दुसरं काही आहे का?” बाईंचा आवाज थोडा चढला. “माझी भाची मँचेस्टरला होती. तिकडे २००९ च्या अखेरीस हे झालं. तिच्या शेजारच्या आजींकडे माणूस आला, त्याने बॉक्स लावला, रिमोट हातात देऊन दोनदा करून घेतलं, आणि अडलं तर फोन करा म्हणून नंबर देऊन गेला. पंच्याहत्तरीच्या वरच्या सगळ्यांना ती सोय होती.”

ब्रिटनने २००७ ते २०१२ या पाच वर्षांत प्रदेशवार बदल केला तेव्हा ७५ वर्षांवरचे आणि अपंग नागरिक यांच्यासाठी स्वतंत्र मदत योजना ठेवली होती. बहुतेकांना ४० पौंड भरावे लागत, गरिबांना तेही नाही. अमेरिकेने प्रत्येक घराला ४० डॉलरची दोनपर्यंत कूपनं दिली, आणि तरीही लोक तयार नाहीत हे दिसल्यावर १७ फेब्रुवारी २००९ ही तारीख १२ जूनवर ढकलली.

“ब्रिटनमधली घरं किती, बाई? अडीच कोटींच्या आसपास. आपल्याकडे २०२० मध्ये २१ कोटी घरांत टीव्ही होता, टीव्ही पाहणारे मोजणाऱ्या बार्कचाच अंदाज आहे. इतक्या घरांत माणूस पाठवायचा म्हटलं तर आजही आपण तारखाच वाढवत बसलो असतो. लोक तयार होतात केव्हा माहीत आहे? पडदा काळा झाला की. मार्च २०१३ मध्ये मी शहरात काम करत होतो. महिनाभर सांगून राहिलो, बॉक्स घ्या, बॉक्स घ्या. कुणी हललं नाही. एक तारखेला रांग लागली.”

“तारीख हवीच,” बाई शांतपणे म्हणाल्या. “परीक्षेचीही तारीख असते आणि मीही ती कधी पुढे ढकलली नाही. पण परीक्षेच्या आधी आम्ही शिकवतो. आणि २१ कोटी घरांत माणूस गेला नाही असं तू म्हणतोस, ते खरं नाही. गेला. प्रत्येक घरात गेला. तू गेलास. तुझ्यासारखे गावोगावचे गेले. तुला कुणी शिकवलं?”

“कोणीच नाही. एक जुना बॉक्स खोलून पाहिला, मग जमत गेलं.”

“म्हणजे शिकलास स्वतःच्या खर्चाने, आणि तुला पैसे दिले आम्ही. वरच्या जागांच्या लिलावाचे शेकडो कोटी जमा होतात. त्यातून खाली हे करायला कुणासाठी काही ठेवलं का? एवढंच विचारते मी. डिजिटल वाईट असं माझं म्हणणं कधीच नव्हतं.”

यावर तो बराच वेळ गप्प होता. पंखा गरगरत होता. बाहेर, विमानतळाच्या दिशेने एक विमान खाली येत असल्याचा आवाज वाढत गेला. टीव्हीवरचं चित्र जागच्या जागी स्थिर होतं, ते थरथरलं नाही. दोघांनीही एकदमच पडद्याकडे पाहिलं.

“आता टीव्हीतच ट्यूनर देणार म्हणतात,” तो म्हणाला. “डिशची तार सरळ टीव्हीत. बॉक्सच नको.” भारतीय मानक ब्युरोने तशा टीव्हीसाठीचं मानक जाहीर केलं, ही बातमी जानेवारी २०२३ ची. एक रिमोट कमी होईल, एक वायर कमी होईल. तो खरंच खूश दिसला, जरी त्यात त्याच्या धंद्याचा एक भाग जाणार असला तरी.

“आणि एप्रिलमध्ये?”

“स्कॅन तर मारावाच लागेल.”

“मग मला तेच शिकव.”

त्याने रिमोट उचलला आणि सवयीने भराभर बटणं दाबली. बाईंनी त्याचा हात धरला. “असं नाही. तू फळ्यावर उत्तर लिहून मोकळा होतोस. मी करते, तू सांग.”

मग पुढची वीस मिनिटं त्या खोलीत वर्ग भरला. बाईंनी वहीचं कोरं पान काढलं आणि डाव्या बाजूला रिमोटचं चित्र काढलं, बटणांसकट. ‘मेनू’ दाबल्यावर पडद्यावर काय येतं ते त्या आधी वाचत, मग त्याचा अर्थ त्याला विचारत, मग स्वतःच्या शब्दांत लिहीत. ‘इन्स्टॉलेशन’पुढे लिहिलं: जोडणी. पासवर्ड विचारला की चार वेळा शून्य. उपग्रहाच्या यादीत जीसॅट-१५ आहे का ते पाहायचं. त्याखालचे ९७५० आणि १०६०० हे आकडे दिसले की ते तसेच राहू द्यायचे, हात लावायचा नाही. हे वाक्य त्यांनी लाल शाईने लिहिलं, कारण शेजारच्या मुलाने नेमकं तेच बदललं होतं. ‘ऑटो स्कॅन’पुढे: पुन्हा शोध. शोध चालू असताना काहीही दाबायचं नाही, पट्टी शेवटपर्यंत जाऊ द्यायची.

डिशवाल्याला हात मागे बांधून बसणं जड जात होतं. दोनदा त्याने रिमोटकडे हात नेला आणि मागे घेतला. एकदा बाई चुकून बाहेर पडल्या आणि सगळं पहिल्यापासून करावं लागलं. दुसऱ्यांदा पट्टी सरकू लागली. वाहिन्यांची नावं एकाखाली एक येऊ लागली. डीडी नॅशनल. डीडी न्यूज. डीडी किसान. बाई पुटपुटत मोजत होत्या. सह्याद्री आलं तेव्हा त्यांनी नंबर पाहिला, वहीतला पाचवा खोडलेला नंबर पुन्हा एकदा तपासला आणि त्याच्यापुढे सहावा लिहिला.

“बाई, या पानाचा फोटो घेऊ का? गिऱ्हाइकांना पाठवतो.”

“तुझे दीडशे जातील त्यात.”

“जाऊ द्या. एप्रिलमध्ये इतके फोन येतात की मी पुरत नाही. डिश हलली असेल त्याच्याचकडे जाईन. नुसत्या स्कॅनसाठी स्लॅब चढायला कंटाळा येतो आता.”

“थांब मग.” त्यांनी लाल शाईचं वाक्य पुन्हा वाचलं, ‘हात लावायचा नाही’ खोडून ‘हात लावू नका’ केलं, आणि दुमडलेला कोपरा तळव्याने सरळ केला. खिडकीतून आलेल्या उजेडात त्याने फोटो काढला.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. चिंचभुवनच्या एका काकूंच्या टीव्हीवरही तेच दोन शब्द उमटले होते. तो उठायच्या बेतात होता, पण पुन्हा बसला. त्याने फोटो पाठवला आणि म्हणाला, “काकू, व्हॉट्सॲप पाहा. एक पान पाठवलं आहे. तुम्हीच करा, मी फोन ठेवत नाही.”

बाई खुर्ची ओढून त्याच्याजवळ सरकल्या. “स्पीकरवर टाक,” त्या म्हणाल्या, “आणि आधी विचार, कालपासून आत्तापर्यंत त्यांनी कुठलं कुठलं बटण दाबलं आहे.”